आधी नकार गोळा करा: चिनी आणि जर्मन कंपन्यांमध्ये सल्लागाराचं काम कसं करावं

राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसात हल्ली बरीच मुलं-मुली भेटायला येतात. कुणी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेलं असतं, कुणी चिनी भाषेची एचएसके परीक्षा चौथ्या पातळीपर्यंत दिलेली असते, कुणी मेकॅनिकल करून शिरोलीच्या फौंड्रीत क्वालिटीला लागलेलं असतं. विचारतात एकच: चिनी आणि युरोपी कंपन्यांमधलं सल्लागाराचं काम कोल्हापुरात बसून जमतं का? जमतं. मी तेच करते. ते कसं करायचं, ते इथे सविस्तर लिहिते.

मी शिकले ताइत्सांगमध्ये, एका जर्मन कंपनीच्या क्वालिटी विभागात. शांघायजवळचं हे गाव. १९९३ साली तिथे पहिली जर्मन कंपनी आली, आता शेकडो आहेत. वर्गात आणि यंत्रावर एकाच वेळी शिकवायची जर्मन पद्धतसुद्धा त्या गावाने उचलली. चिनी माणसं जर्मनांबरोबर आणि जर्मन माणसं चिन्यांबरोबर रोजचं काम कसं निभावतात, हे पुस्तकात सापडणार नाही ते मी तिथल्या शॉपफ्लोअरवर पाहिलं.

त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, जर्मन माणसाकडे पाच मिनिटंही उशिरा जाऊ नये, हे सांगायला कुणी आपल्याला पैसे देत नाही. इतकी वर्षं एकमेकांशी धंदा करणाऱ्यांना ते पाठ असतं. पैसे मिळतात ते बैठकीआधी दोन्हीकडचे नकार गोळा करण्याचे. चिनी कंपनीतला इंजिनिअर स्वतःच्या मालकादेखत आणि गिऱ्हाइकासमोर 'हे जमणार नाही' म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे मालकाची मान खाली घालणं. समोर बसलेला जर्मन गप्प बसण्याचा अर्थ होकार असा घेतो आणि तो इतिवृत्तात लिहून टाकतो. मग दोन महिन्यांनी एकाला वाटतं फसवलं, दुसऱ्याला वाटतं अपमान केला. खोटं कुणीच बोललेलं नसतं. नकार बोलायला जागाच नव्हती. ती जागा करून देणं हे आपलं काम.

बैठकीच्या आधीचा आठवडा

बैठक ठरली की दोन्हीकडच्या माणसांना एकेकटं गाठायचं. चिनी बाजूला इंग्रजी नाव घेतलेली जी तरुण सेल्सची मुलगी मेल लिहीत असते तिच्याशी गोड राहा, पण तिथेच थांबू नका. टूलरूमचा प्रमुख कोण, उत्पादनाचं वेळापत्रक कोण लावतं, हे तिलाच विचारून घ्या आणि त्यांच्याशी बोला. त्यांना 'जमेल का' असं कधीच विचारू नका, कारण त्याला उत्तर 'जमेल' हेच येणार. विचारायचं असं: कुठल्या मशीनवर करणार? त्या मशीनवर आत्ता काय चाललंय? स्टील कुठल्या तारखेला येणार? पहिला नमुना कोण मोजणार आणि कशावर? तपशील भराभर आले तर होकार खरा. एखाद्या प्रश्नावर तपशील यायचा थांबला, 'बघतो', 'अभ्यास करतो' आलं, की तिथे नकार दडलाय हे समजायचं.

हे मी शिरोलीतल्या एका फौंड्रीच्या कामात अगदी स्पष्ट अनुभवलं. गिऱ्हाईक जर्मन पंप कंपनी, कास्टिंग आपल्याकडचं, आणि कोअर बॉक्स (कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा ज्यात बनवतात तो साचा) चीनमधल्या निंगबोच्या एका टूलमेकरकडून, ज्याचे पैसे जर्मन कंपनी देणार. फौंड्रीचे मालक मला म्हणाले, "ताई, चार आठवड्यांत देतो म्हटलेत की ते! मेलमध्येच हाय बघा." मी म्हटलं, "अण्णा, कुठल्या मशीनवर करणार ते विचारलंय का कुणी?" विचारलेलं नव्हतं. मी टूलरूमच्या प्रमुखाला फोन केला. मोठं सीएनसी मशीन महिनाअखेरपर्यंत दुसऱ्या कामात गुंतलेलं होतं. त्याने ते मला लगेच सांगितलं, कारण फोनवर आम्ही दोघंच होतो.

आता पुढची पायरी महत्त्वाची. हा नकार नाव न घेता पलीकडे न्यायचा. जर्मन खरेदी विभागाला मी लिहिलं की माझ्या अंदाजाने सहा आठवडे धरावेत, आणि त्या बदल्यात दर शुक्रवारी फोटोंसह प्रगती कळवायची अट घालावी. बैठकीत मग सहा आठवड्यांचा प्रस्ताव जर्मनांकडूनच आला. चिनी मालकाने मोठ्या मनाने तो मान्य केला आणि टूलरूमच्या माणसावर बालंट आलं नाही. पुढच्या खेपेला त्याने मला आपणहून फोन केला. या कामातली आपली पत अशी वाढते. कुणाचं नाव एकदा जरी उघड केलंत, तर त्या कंपनीत तुम्हाला पुन्हा खरं कुणी सांगणार नाही.

जर्मन बाजूचा नकार गोळा करायला लागत नाही, तो पहिल्या पाच मिनिटांत मोठ्याने येतो. त्यांच्याकडून काढायची असते ती सवलत. ड्रॉइंगवर पन्नास मापं असतात आणि प्रत्येकावर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ती मर्यादा. त्यातली बरीच जुन्या ड्रॉइंगवरून जशीच्या तशी उतरलेली असतात. खरेदीवाल्याला त्याची कल्पना नसते. डिझायनरला फोन करून एकेक विचारावं लागतं, की इथला शंभरातला दोन (०.०२ मिलिमीटर) कशासाठी, इथे काय बसतं? 'इथे काहीच बसत नाही' असं उत्तर हमखास मिळतं. ती मापं सैल करून घेतलीत की चिनी बाजूचे निम्मे नकार आपोआप विरघळतात.

तिसरा नकार लोक विसरतात: कामगारांचा. २०१२ च्या जानेवारीत चीनच्या सानी कंपनीने काँक्रीट पंप बनवणारी जर्मनीची पुट्झमायस्टर घ्यायची ठरवली. दोन्ही कंपन्या आपल्याला परक्या नाहीत. सानीचा कारखाना चाकणला आहे, पुट्झमायस्टरचा गोव्यात वेर्ण्याला. दोन्हीकडच्या संस्थापकांचं चटकन जुळलं, पण पुट्झमायस्टरच्या आइख्टालमधल्या कामगारांना काही कळायच्या आत बातमी बाहेर फुटली आणि ते कारखान्याबाहेर निदर्शनाला उभे राहिले. नंतर संघटनेशी बोलून नोकऱ्यांची हमी द्यावी लागली. जर्मनीत कारखान्यातल्या कामगार मंडळाला कायद्याने अधिकार असतात. चिनी गुंतवणूकदाराला वाटतं मालकाशी बोललं म्हणजे झालं. त्याला हे पहिल्याच भेटीत, कागदावर लिहून सांगा.

वेळ, फोन आणि सुट्ट्या

आपल्या जागेचा एक फायदा घ्यायला शिका. दुपारी दीड वाजता बैठक ठेवा: चीनमध्ये तेव्हा चार वाजलेले असतात आणि जर्मनीत उन्हाळ्यात दहा, हिवाळ्यात नऊ. कुणाची झोप मोडत नाही. जर्मनाऐवजी अमेरिकन भागीदार असेल तर मात्र सकाळी साडेसहाला बसावं लागतं. शिकागोत तेव्हा रात्र पडलेली असते.

तोटाही आहे. चीनमध्ये सगळा धंदा वीचॅट या ॲपवर चालतो आणि भारतात ते २९ जून २०२० पासून बंद आहे. आडमार्गाने वापरायच्या भानगडीत पडू नका. गिऱ्हाइकाच्या फायली तुमच्या हातात असतात. तिकडे जीमेल आणि व्हॉट्सॲप चालत नाहीत. म्हणून कामाच्या सुरुवातीलाच ठरवून घ्यायचं: वीचॅट ग्रुपवर काय बोलायचं ते बोला, पण त्या दिवशी ठरलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत एका मेलमध्ये यायलाच हवी, आणि ती पाठवायची जबाबदारी चिनी बाजूच्या एका माणसाच्या नावावर. व्हिडिओ बैठक रेकॉर्ड करायची असेल तर सगळ्यांना विचारून. जर्मनीत परवानगीशिवाय खासगी संभाषण रेकॉर्ड करणं हा फौजदारी गुन्हा आहे.

बैठकीत भाषांतर आणि सल्ला ही दोन कामं एकाच माणसाने करू नयेत. दुभाषी प्रत्येक बाजूने आपापला आणावा. तुम्ही टेबलाच्या कडेला बसा, चेहरे बघा, आणि इतिवृत्त त्याच दिवशी दोन्ही भाषांत पाठवा. आकडे अंकांत लिहा, शब्दांत नको. चिनी मोजणी दहा हजारांनी आणि मग थेट दहा कोटींनी पुढे जाते, पाश्चात्त्यांची दहा लाखांनी, आपली लाख-कोटींनी. तोंडी भाषांतरात एक शून्य कुठे गळेल सांगता येत नाही.

सुट्ट्यांचं कॅलेंडर भिंतीवर लावा. चिनी नववर्ष २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. कागदावर सुट्टी आठवडाभराची असली तरी कारखाने आधीपासूनच रिकामे व्हायला लागतात आणि पूर्ण ताकदीने सुरू व्हायला महिना उलटतो. काही कामगार गावाकडून परततच नाहीत. त्यामुळे सुट्टीनंतरचा पहिला लॉट नेहमीपेक्षा कडक तपासा. ऑक्टोबरचा पहिला आठवडाही गेला म्हणून समजा. जर्मन ऑगस्टमध्ये आणि नाताळपासून नववर्षापर्यंत भेटत नाहीत.

मटेरियलचं नाव एक, मटेरियल दुसरं

इथे कोल्हापूरच्या माणसाला मोठा वाव आहे, कारण फौंड्री आपल्या अंगवळणी पडलेली असते. ग्रे आयर्नचं, म्हणजे साध्या बिडाचं उदाहरण घ्या. आपण भारतीय मानकाप्रमाणे एफजी २६० म्हणतो. युरोपात ते ईएन-जीजेएल-२५०, जुने जर्मन इंजिनिअर अजून जीजी २५ म्हणतात. चीनमध्ये एचटी२५०. खरेदी विभागातला माणूस तीन नावं एका ओळीत लिहून 'समतुल्य' असा शेरा मारतो आणि भांडणाचं बी तिथे पडतं.

कारण २५० हा ताकदीचा आकडा चाचणीसाठी वेगळ्या ओतलेल्या दांड्याचा, टेस्ट बारचा आहे. युरोपी मानकात तो बार ३० मिलिमीटर व्यासाचा धरतात. प्रत्यक्ष कास्टिंगची भिंत जाड असेल तर ती सावकाश थंड होते, ग्रॅफाइटचे पापुद्रे मोठे होतात आणि तिथली ताकद कमी भरते. चिनी पुरवठादार बारचा रिपोर्ट पाठवतो; तो खरा असतो. जर्मन लॅब कास्टिंगमधून तुकडा कापून ओढून बघते. तिचाही आकडा खरा असतो. दोघंही एकमेकांना लबाड म्हणायला लागतात. तेव्हा ऑर्डरमध्ये लिहून घ्या: नमुना कुठून घ्यायचा, बारमधून की कास्टिंगमधून, कास्टिंगमधून असेल तर कुठल्या जागेवरून, तिथे किती ताकद हवी, आणि हार्डनेस कुठे मोजायचा. ड्रॉइंगवर त्या जागेला खूण करा. एसजी आयर्नचंही (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते बीड) तेच. आपलं एसजी ४००/१५, त्यांचं जीजेएस-४००-१५, चिन्यांचं क्यूटी४००-१५. आकडे जुळतात म्हणून चाचणीची जागाही जुळते असं नाही.

याच टप्प्यावर मान्य झालेला नमुना सील करून ठेवा: एक चीनमध्ये, एक जर्मनीत, प्रत्येकावर दोघांच्या सह्या. पहिला लॉट नमुन्यासारखा येतो, पाचवा येईलच असं नाही, म्हणून माल निघण्याआधीची तपासणी दर लॉटला ठेवा आणि तिचा खर्च कोण उचलणार ते ऑर्डरमध्येच लिहा. 'तपासणी म्हणजे अविश्वास' अशी चिनी बाजूची समजूत होऊ शकते. त्यांना सांगा, शिरोलीतल्या फौंड्रीच्या दारातही हाच जर्मन तपासनीस उभा राहतो. २०२३ पासून लागू झालेल्या जर्मनीच्या पुरवठा साखळी कायद्यामुळे जी लांबलचक प्रश्नावली येते, तिच्याबद्दलही हेच सांगावं. ती एकट्या चीनला आलेली नसते हे कळल्यावर सूर बदलतो.

शिक्का, नोंदणी, बँक खातं

चिनी कंपनीचं इंग्रजी नाव हे हौसेचं असतं. कायद्याला चिनी नाव माहीत असतं. व्यवसाय परवान्याची प्रत मागा. त्यावर १८ अंक-अक्षरांचा नोंदणी क्रमांक आणि कायदेशीर प्रतिनिधीचं नाव असतं. सरकारी नोंदवहीत तो क्रमांक टाकून पडताळा. करारावर सहीपेक्षा कंपनीचा लाल शिक्का महत्त्वाचा, आणि शिक्क्यावरचं नाव परवान्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. जर्मन वकील सहीवर समाधान मानतात, त्यांना थांबवा.

करार दोन भाषांत असेल तर मतभेदात कुठली भाषा खरी धरायची ते लिहा. वाद कोर्टात न नेता लवादाकडे न्यायचं कलम घाला. चीन, जर्मनी, भारत आणि सिंगापूर हे सगळे परदेशी लवाद निवाडे मानण्याच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारात आहेत, त्यामुळे सिंगापूरचा लवाद निवाडा चीनमध्ये अमलात आणायला वाट असते; हाँगकाँगच्या निवाड्यासाठी चीनची वेगळी व्यवस्था आहे. परदेशी कोर्टाच्या निकालाला ही वाट फार अरुंद आहे. नुसतं गुप्ततेचं वचन पुरत नाही. 'हे डिझाइन स्वतःसाठी वापरणार नाही' आणि 'आम्हाला ओलांडून आमच्या गिऱ्हाइकाकडे जाणार नाही' हेही चिनी भाषेतल्या करारात असावं. ट्रेडमार्क तिकडे आधी अर्ज करणाऱ्याला मिळतो, म्हणून पहिला नमुना पाठवण्याआधी अर्ज जायला हवा.

दानोन आणि वाहाहा हे प्रकरण प्रत्येक नव्या सल्लागाराने वाचावं. १९९६ मध्ये फ्रेंच दानोन आणि झोंग चिंगहौ यांच्या वाहाहाने संयुक्त कंपन्या काढल्या. वाहाहा हा ब्रँड संयुक्त कंपनीच्या नावे करायचं ठरलं होतं, पण ट्रेडमार्क कार्यालयाची मंजुरी मिळाली नाही. मग परवाना करार करून वेळ भागवली. पुढे संयुक्त कंपनीबाहेरच्या कारखान्यांतून त्याच नावाचा माल निघतोय म्हणून दानोनने तक्रार केली, २००७ मध्ये वाद जगजाहीर झाला, स्टॉकहोमला लवाद, चीनमध्ये कोर्ट, आणि २००९ मध्ये दानोन आपला ५१ टक्के हिस्सा विकून बाहेर पडलं. मला यात दिसतं ते असं: मंजुरी नाकारली गेली त्या दिवशी दोघांनी पुन्हा समोरासमोर बसून 'आता ब्रँड कुणाचा' हे विचारायला हवं होतं. धंदा जोरात असताना तो अवघड प्रश्न कुणालाच नको होता. तो विचारायला लावणारा माणूस म्हणजे सल्लागार.

पैशांबाबत एकच नियम, पण तो मोडू देऊ नका: खातं बदलल्याचा मेल आला की, आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री झाल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही.

पाहुणे कोल्हापुरात आले तर

चिनी पाहुण्यांना गार पाणी नको. कोमट पाण्याचा थर्मास ठेवा. पांढरा रस्सा त्यांना मनापासून आवडतो, हाडांच्या सूपची सवय असते. सिचुआनचा पाहुणा तांबडाही मागून घेईल. जर्मनांना विचारून वाढा. आणि आपले शाकाहारी मालक तिकडे जाणार असतील तर 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही; भाजीचा रस्साही मांसाचा असतो. बौद्ध शाकाहारी हॉटेल आधी शोधून ठेवा.

भेट म्हणून कोल्हापुरी चप्पल द्यायचा मोह आवरा. जर्मन किंवा इटालियन पाहुण्याला ती द्या, चिन्याला पायताण किंवा घड्याळ अशुभ वाटू शकतं. त्यांना हुपरीच्या चांदीची छोटी वाटी द्या, चारचा संच मात्र टाळा. जर्मन कंपन्यांत भेटीच्या किमतीवर मर्यादा असतात, म्हणून चांदी नको. गुळाची ढेप चालते.

गप्पांसाठी आपल्याकडे खूप आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, जखमी सैनिकांची शुश्रूषा करताना ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्यांची समाधी शिजियाझुआंगला आहे. वयस्क चिनी माणसाला त्यांचं चिनी नाव, 'क दिहुआ', सांगा आणि ते आमच्या महाराष्ट्रातले म्हणा. मी अशा वेळी माणसं उठून हात मिळवताना पाहिली आहेत. इटालियन आले तर आपले छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारले, त्यांची छत्री तिथल्या कासिने उद्यानात आहे, हे सांगा.

फी

फी एकाच बाजूकडून घ्या आणि कुणाकडून घेता ते दुसऱ्या बाजूला पहिल्या मेलमध्येच कळवा. दोन्हीकडून कमिशन घेणारा माणूस नकार गोळा करू शकत नाही, कारण सौदा मोडला तर त्याचंच नुकसान असतं. मी व्यवहाराच्या टक्क्यांवर काम घेत नाही; दिवसाचा दर लावते, आणि सौदा होऊ नये असं वाटलं तर तसं लिहूनही देते.

कामाचा शेवट ठरवून करा. दोन्हीकडच्या इंजिनिअरांचा तुमच्याशिवाय परस्पर फोन सुरू झाला, की संज्ञांची यादी, इतिवृत्तं, सील केलेल्या नमुन्यांची नोंद त्यांच्या हवाली करा आणि बाजूला व्हा.

कागदोपत्री एक गोष्ट सांभाळा. तुम्ही सल्ला विकता की व्यवहार जुळवून देता, हे करारात स्पष्ट लिहा, आणि जीएसटी कसा लागेल ते विचारायला सही करण्याआधी सीएला मसुदा दाखवा. सेवा निर्यातीत बसली तर एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, दर आर्थिक वर्षी नव्याने भरावं लागतं, आणि परदेशातून पैसे जमा झाले की बँकेकडून तसा दाखला लगेच मागून फाइलला लावायचा.